मोटरहोममधला गरम हवेचा हीटर: पुढे उकडतं, मागे गारठा. मोठा हीटर घ्यावा का?

चाकवाट
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. आमचं मोटरहोम साडेसहा मीटरचं, व्हॅनवर बांधलेलं. ट्रुमा कॉम्बी ४ हा हवा आणि पाणी दोन्ही तापवणारा गॅसवरचा हीटर बाकाखाली आहे. त्यातून चार पाइप निघतात: दोन बैठकीकडे, एक बाथरूममध्ये, एक मागच्या पलंगापाशी. बाहेर पारा शून्याखाली गेला की पुढे बसलेले स्वेटर काढतात आणि मागे आई दोन पांघरुणांत कुडकुडते. मागच्या पाइपच्या तोंडाशी हात धरला तर नुसती कोमट झुळूक. पहाटे कधीकधी हीटर बंदच पडतो, आणि सकाळी बॅटरीही पार उतरलेली असते.
सहा किलोवॉटचा कॉम्बी घ्यावा, की मागे वेगळा डिझेल हीटर बसवावा? आईसाठी हे थंडीआधी मार्गी लावायचंच आहे.

डबलगिअर
थांबा, अजून काही विकत घेऊ नका. पुढे उकडतंय म्हणजे हीटर पुरेशी उष्णता देतोय. ती मागे पोचत नाही, एवढंच दुखणं आहे.
आधी बाकाखालचा कप्पा उघडा. तिथे बूट, घडीच्या खुर्च्या, वायरींची गुंडाळी असं काही कोंबलंय का? हीटर जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढीच त्याला परत ओढून घ्यावी लागते, आणि ती त्याच कप्प्याच्या फटींतून येते. वाट अडली की तो कप्प्यातलीच तापलेली हवा पुन्हा ओढतो, स्वतःच तापतो आणि आच कमी करतो. सामान हलवा, हीटरभोवती मोकळी जागा ठेवा.
मग हीटर पूर्ण वेगाने चालू करून मागे जाणाऱ्या पाइपवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत हात फिरवत जा. हे काम घाईत करू नका. तो पाइप घड्यांचा आणि नाजूक असतो, पलंगाखालच्या सामानाने सहज चेपतो. जोडापाशी सुटला असेल तर सगळी ऊब पलंगाखालीच सांडते. हाताला जिथे एकदम गरम फुंकर लागेल तिथे जोड उघडा पडलाय समजा. जिथून पुढे पाइप अचानक थंड लागेल तिथे तो चेपलाय. एक कोपरा काटकोनात दुमडला असेल तरी हवा अडते, तिथे वळण मोठं करून द्या. पाइप बाहेरच्या भिंतीला चिकटून किंवा फरशीखालून जात असेल तर त्यावर इन्सुलेशनची बाही चढवा. लांब पाइपमध्ये वाटेतच बरीच उष्णता जाते.

रानवारा
वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. त्यात एक भर: खोलीचं तापमान मोजणारा सेन्सर कुठे लावलाय ते बघा. पुढच्या तोंडाच्या वर किंवा दिव्याजवळ असेल तर त्याला वाटतं सगळीकडे ऊब आली, आणि हीटर मंदावतो. मागे मात्र अजून गारठाच. सेन्सर गाडीच्या मधोमध आणा, दारापासून आणि गरम हवेच्या झोतापासून लांब.
त्यानंतर पुढची तोंडं अर्धी बंद करा. हवा सोपी वाट धरते, जवळची तोंडं सताड उघडी असली की लांबच्या तोंडाला उरलंसुरलंच मिळतं. पण सगळी तोंडं एकदम कधीच बंद करू नका, हवेला जायला जागा उरली पाहिजे.
आणि चालकाची केबिन! तिथली काच एकेरी, दारं पातळ पत्र्याची. रात्री काचेला बाहेरून थर्मल कव्हर घाला. आतून लावलेल्या कव्हरमागे काच थंडच राहते आणि तिच्यावर पाणी साचतं, बाहेरून लावलं की ते बरंच टळतं. केबिन आणि बैठकीच्या मध्ये जाड पडदा टाकलात तर मागच्या वाट्याला जास्त ऊब येईल. माझ्या मते नव्या हीटरपेक्षा या पडद्याचा गुण जास्त येतो.

चाकवाट
दोघांचे मनापासून आभार! कप्पा रिकामा केला. मागचा पाइप पाण्याच्या कॅनखाली चेपून पट्टीसारखा सपाट झाला होता. तेवढा भाग बदलला, पुढची तोंडं अर्धी मिटली, आणि मागच्या तोंडातून आता दणकून गरम हवा येते. पण पहाटे हीटर बंद पडणं आणि बॅटरी उतरणं तसंच आहे.

डबलगिअर
सिलिंडरमध्ये ब्युटेन आहे की प्रोपेन? ब्युटेन उणे ०.५ अंशाच्या आसपास वायू व्हायचंच थांबतं, प्रोपेन उणे ४२ पर्यंत चालतं. मिश्रण असेल तर प्रोपेन आधी संपत जातं आणि तळाशी ब्युटेन उरतं, म्हणून सिलिंडर हलवून बघितलं तर भरलेलं वाटतं आणि ज्योत मात्र विझते. थंडीत निव्वळ प्रोपेनच वापरा. पूर्ण आचेवर हा हीटर ताशी साधारण ३२० ग्रॅम गॅस खातो, त्यावरून सिलिंडर किती वेळ पुरेल याचा अंदाज काढा.
बॅटरीचा दोष मी हीटरला देणार नाही. गॅसवरच्या कॉम्बी ४ चा पंखा सरासरी एक-सव्वा अँपियर घेतो, म्हणजे रात्रभरात १५ अँपियर-तासांच्या आत. तेवढ्याने चांगली बॅटरी उतरत नाही. ती म्हातारी झालीय, किंवा फ्रिज १२ व्होल्टवर, म्हणजे बॅटरीवर, चालत राहतोय, हे तपासा. शिसे-आम्लाची बॅटरी थंडीत मुळातच कमी क्षमता देते. लिथियम घ्यायचा विचार असेल तर ती शून्य अंशाखाली चार्ज होऊ द्यायची नसते, तिला उबेतच जागा द्या.

पायवाट
डिझेल हीटरबद्दल विचारलं होतंत. माझ्याकडे वेबास्टोचा २ किलोवॉटचा आहे. गॅसची चिंता नाही, ताशी पाव लिटरच्या आत डिझेल लागतं. पण रात्री इंधन पंपाची टिकटिक ऐकू येते, सुरू होताना तो बॅटरीतून बराच करंट ओढतो, आणि सतत मंद आचेवर ठेवला तर काजळी धरतो. अधूनमधून पूर्ण आचेवर चालवावा लागतो. १५०० मीटरच्या वर बराच काळ राहणार असाल तर उंचीसाठीची सोय आहे का हेही बघावं लागतं. तुमचं काम आहे त्यातच भागतंय, तर या भानगडीत पडू नका.
आई सोबत आहेत म्हणून कळकळीने सांगतो: कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच, आणि चाचणीचं बटण दाबून बघत जा. हीटर जळणासाठी हवा बाहेरून घेतो आणि धूर बाहेरच सोडतो, पण भिंतीवरचं धुराचं तोंड बर्फाने बुजता कामा नये. ऊब येत नाही म्हणून गॅसची शेगडी पेटवून बसू नका. फरशीतली वायुवीजनाची भोकं गार वारा येतो म्हणून बुजवू नका, गळालेला गॅस हवेपेक्षा जड असतो आणि तिथूनच बाहेर पडतो.

चाकवाट
अलार्म आजच बघते. एक शेवटचं: गाडी उभी असताना टाकीतलं पाणी आपोआप खाली सांडलं. गळती आहे का?

रानवारा
बहुधा गळती नाही. कॉम्बीजवळ फ्रॉस्टकंट्रोल नावाची झडप असते. तिथलं तापमान ३ अंशांच्या आसपास आलं की ती उघडते आणि बॉयलरचं पाणी सोडून देते, नाहीतर पाणी गोठून बॉयलर फुटेल. पाण्याचा पंप चालू राहिला असेल तर टाकीही त्याच वाटेने रिकामी होते. साधारण ७ अंशांच्या वर गेल्याशिवाय ती पुन्हा बंद होत नाही, जबरदस्ती करू नका. आधी हीटर लावून आतली जागा गरम करा, झडप बंद करा आणि मगच पाणी भरा.