दिवाळीच्या सुट्टीत सासूबाई आणि मुलांना घेऊन गोव्यातल्या डोंगरात कुठे जावं?

फोंडेकरीण
आम्ही पाच जण. मुलगा 11 वर्षांचा, मुलगी 6 ची, सासूबाई 66 च्या. त्यांचा उजवा गुडघा उतारावर त्रास देतो, चढायला मात्र त्या माझ्यापुढे असतात. नरकासुर जाळण्याच्या रात्रीचं जागरण फेडून झालं की दिवाळीनंतरच्या शनिवारी एक दिवस डोंगरात घालवायचा आहे. समुद्र पुरे झाला. दरी, झाडी, थोडं वाहतं पाणी, जमलं तर एखादी घळ. मुलाने कुठल्याशा व्हिडिओत सुर्ल्याचा धबधबा पाहिलाय, तो तिथेच अडून बसलाय. ऑक्टोबरात पाऊस नसतो ना?

लोलयेचो
कुळ्याहून जीपने दूधसागर. 310 मीटरचा धबधबा, चालणं कमी, सासूबाईही खूश. फक्त रुळांवरून चालत जायचं डोक्यात आणू नका, रेल्वेने मनाई केली आहे. लोक अजून जातात, ते सोडा.

सत्तरीकार
ताई, "ऑक्टोबरात पाऊस नसतो ना" हे वाक्य वाचून लिहायला बसलो.

आधी सुर्ल्याचा घोळ. गोव्यात सुर्ला तीन आहेत. एक डिचोली तालुक्यात, खाणींच्या पट्ट्यात. दुसरं सत्तरीत, चोर्ला घाटाच्या माथ्याजवळ. तिसरं तांबडी सुर्ला, महादेवाच्या देवळाचं. मोबाइलवर नुसतं "सुर्ला" टाकलंत तर डिचोलीत खाणीच्या ट्रकमागे धूळ खात उभ्या राहाल. मुलाला हवंय ते सत्तरीतलं. तिथल्या कड्यावरून समोर वझरा-साकळाची 143 मीटरची धार दिसते. बघायला सुंदर, पण कड्याला कठडा असेलच असं नाही, आणि सहा वर्षांची मुलगी बरोबर असताना तुमचं अर्धं लक्ष तिच्या फ्रॉकच्या टोकाला राहील.

आता पाऊस. परतीचा पाऊस सकाळी येत नाही. अकरापर्यंत लख्ख ऊन, दुपारी घाटमाथ्यावर काळं जमतं आणि तासाभरात कोसळतं. तो तुमच्या डोक्यावर पडेलच असं नाही. चोर्ल्याकडे पडतो आणि पाणी तुमच्यापर्यंत चालत येतं.

दोन वर्षांपूर्वी वाळपईच्या पुढच्या एका गावात आम्ही सहा जण व्हाळ, म्हणजे ओढा, ओलांडून कोंडीवर, डोहाशी, गेलो होतो. पाणी घोट्याएवढं, तळाचे गोटे मोजता येतील इतकं नितळ. जेवायला बसलो तर आधी वाळकी पानं वाहत आली, मग काटक्या, मग पाणी चहाच्या रंगाचं झालं. आमच्या डोक्यावर ऊन होतं. मी म्हटलं, उठा. ज्या कातळावर पाय ठेवून आलो होतो तिथवर पोचेपर्यंत कातळ पाण्याखाली गेला होता. माझा भाचा म्हणतो, मामा, कमरेएवढंच आहे, धरून जाऊ. पलीकडच्या कुळागरातून, सुपारीच्या बागेतून, एक म्हातारा धावत आला आणि दोन्ही हात हलवून ओरडला, "ना, ना, थंयच बसा!" अडीच तास बसलो. चारच्या पुढे कातळाचं टोक दिसायला लागलं. त्या अडीच तासांत बायको माझ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि तिचं बरोबर होतं.

म्हणून माझा हिशेब: घळीत किंवा व्हाळापलीकडे जायचंच असेल तर सकाळी आठला चालायला लागा, एकच्या आत अलीकडे या. पाण्याचा रंग किंवा आवाज बदलला की डबा तिथेच टाकून उठा.

तुमच्यासाठी मी तांबडी सुर्लाच म्हणेन. कदंबांच्या काळातलं काळ्या दगडाचं देऊळ, चारी बाजूंना जंगल, बाजूने नदी. दार पूर्वेला, म्हणून सकाळचं ऊन थेट आत येतं, छतावरचं कमळ तेव्हाच नीट दिसतं. सासूबाईंना तिथे सावली आहे, बसायला जागा आहे. मुलाला घेऊन जंगलातल्या धबधब्याकडे जायचं असेल तर वनखात्याच्या नाक्यावर आधी विचारा. 2023 च्या पावसाळ्यात अभयारण्यातल्या धबधब्यांवर बंदी आली होती, मग काही खुले झाले. दरवर्षीचं चित्र वेगळं असतं.

नेतुर्लीची सून
आमच्याकडेही या की! गोपीनाथाच्या देवळाच्या तळीत बुडबुडे येतात, मुलं टाळ्या वाजवून वाजवून थकतात. धबधबा हवा तर सावरीची वाट मैनापीच्या धबधब्यापेक्षा सोपी. जळवा ऑक्टोबरातही असतात, मिठाची पुरचुंडी ठेवा. ओढून काढायची नाही, मीठ लावलं की आपण सुटते.

सत्तरीकार
जळवेचं बरोबर. त्याहून गोचीड वाईट. सत्तरीत 2015 पासून माकडताप आहे, तो गोचीड चावून होतो. त्याचा जोर साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे तुम्ही त्याच्या आधीच जाताय. तरी पाचोळ्यात बसू नका आणि घरी गेल्यावर मुलांच्या काखा, कानामागे बघा. माकड मेलेलं दिसलं तर तिथून मागे फिरा आणि आरोग्य केंद्रात कळवा.

फोंडेकरीण
तांबडी सुर्ला ठरलं. मुलगा फुगलाय, त्याला सांगितलंय की दुसरं सुर्ला जानेवारीत, बाबांबरोबर दोघंच. अडीच तासांची गोष्ट मोठ्याने वाचून दाखवली. सासूबाई म्हणाल्या, त्या म्हाताऱ्याला नंतर दिवाळीचे फोव (पोहे) तरी नेऊन दिले की नाही, विचार.

सत्तरीकार
फोव नाही, बायकोने करंज्या पाठवल्या. तो म्हणाला, दर वर्षी कोणीतरी अडकतं, करंज्या तुम्हीच पहिल्या आणल्या.

बरं, उसगाव तिस्कला पातळ भाजी-पाव खाऊन घ्या. पुढे साकोर्ड्यानंतर काही मिळेल या भरवशावर राहू नका.