लाल चिखलानं भरलेली चेन: डिझेल, पेट्रोल की जुनं ऑइल?

आडवाट_दोडामार्ग

नमस्कार मंडळी. माझी १५० सीसीची गाडी आहे, चेन उघडी, वर फक्त अर्धं कव्हर. जनावरांच्या दवाखान्याच्या कामासाठी रोज दोडामार्ग तालुक्यातल्या वाड्यांवर जावं लागतं. डांबर संपलं की पुढे जांभ्याचा रस्ता, आणि जुलैत त्या रस्त्याचं काय होतं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. संध्याकाळी घरी येईपर्यंत मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन बसते ते दातेरी चक्र, दिसेनासं होतं, नुसता लाल लगदा.

आठवडाभर चेन कर्रकर्र वाजतेय. पहिल्या गिअरला क्लच सोडला की झटका बसतो. वॉशिंग सेंटरवाला प्रेशरचं पाणी थेट चेनवर मारतो. सासरे म्हणतात, सर्व्हिसिंगला निघालेलं काळं ऑइल लाव, आम्ही जन्मभर तेच लावलं. शेजारचा मुलगा पेट्रोल सुचवतो, दुकानदार महागडा स्प्रे दाखवतो. नक्की कशानं साफ करू, आणि किती दिवसांनी? रोज तासभर त्यात घालवणं मला शक्य नाही. गाडीला डबल स्टँड आहे. मी स्वतः करायला तयार आहे, फक्त नीट सांगा.

कट्टा_रायडर

पेट्रोल आणि तारेचा ब्रश घ्या. पाच मिनिटांत चांदीसारखी चकाकते. मी हेच करतो.

मेस्त्री_कुडाळ

ताई, पेट्रोल आणि तारेचा ब्रश दोन्ही लांब ठेवा. कारण सांगतो.

चेनची एक कडी कापडानं पुसून उजेडात बघा. आतली पट्टी आणि बाहेरची पट्टी यांच्या मध्ये काळ्या रबराची बारीक रिंग दिसली, तर तुमची चेन ओ-रिंगवाली. कारखान्यातच पिनेभोवती ग्रीस भरलेलं असतं. ते बाहेर पडू नये आणि पाणी आत शिरू नये म्हणून ही रिंग. ते ग्रीस आपल्याला पुन्हा भरता येत नाही. पेट्रोलनं रबर खराब होतं, कडक पडून चिरतं. तारेच्या ब्रशानं ते सरळ कापलंच जातं. रिंग गेली की ग्रीस गेलं, आणि मग बाहेरून कितीही ऑइल ओता, पिन आतल्या आत झिजत राहते. चेन चकाकते आणि तरीही लवकर सैल पडते, ती यामुळे.

सासऱ्यांच्या काळात बऱ्याच गाड्यांना बिनरिंगची चेन असायची, वर पूर्ण बंद कव्हर. तेव्हा काळं ऑइल चालून जायचं. त्या ऑइलमध्ये इंजिनाची काजळी असते, धातूची बारीक पूड असते. शिवाय उघड्या चेनवर त्याचा थर दिला की जांभ्याची माती त्याला धरते. तेलात कालवलेली ती माती पॉलिश पेपरसारखी स्प्रॉकेटचे दात खाते. माझ्या गॅरेजला पावसाळ्यानंतर येणाऱ्या बहुतेक खराब किटांचं, म्हणजे चेन आणि दोन्ही स्प्रॉकेटच्या संचाचं, कारण हेच. लोकांनी तेल दिलेलं असतं, भरपूर दिलेलं असतं, पण खालची माती न काढता दिलेलं असतं.

आता करायचं कसं. गाडी डबल स्टँडला, न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद, चावी काढून खिशात. हे मी कळकळीनं सांगतो. गाडी चालू करून गिअरमध्ये टाकून चाक फिरवत चेन पुसणारे लोक आहेत, आणि कापडाबरोबर बोट स्प्रॉकेटमध्ये गेलं की ते तुटतंच. चाक हातानंच फिरवा, तेही उलटं. उलटं फिरवलं की खालची चेन मागच्या स्प्रॉकेटपासून दूर जाते. सरळ फिरवलं तर कापड दातांत ओढलं जातं.

आधी मगनं साधं पाणी ओतून चिखल भिजू द्या, वाहून जाऊ द्या. पाण्याचं वावडं नाही, प्रेशरचं आहे. नोझल जवळ धरली की पाणी रिंगच्या आत घुसतं, चाकाच्या बेअरिंगमध्येही घुसतं. वॉशिंग सेंटरला तेवढं स्पष्ट सांगा.

मग डिझेल. रॉकेल मिळालं तर तेच घ्या, पण आता ते मिळणं मुश्कील. वाटीभर डिझेल आणि जुना दात घासायचा ब्रश पुरतो. चेनला चार बाजू असतात हे लक्षात ठेवा. आपण वरची आणि बाहेरची घासतो, चाकाकडची आणि स्प्रॉकेटवर बसणारी आतली तशीच राहते. मागे पुठ्ठा धरा, म्हणजे टायरवर आणि ब्रेकवर उडणार नाही. घासून झालं की कोरड्या कापडानं पूर्ण पुसा, डिझेल चेनवर राहता कामा नये. ते मळकं डिझेल डब्यात जमा करा, व्हाळात, म्हणजे ओढ्यात, ओतू नका. खाली माणसं आणि गुरं तेच पाणी वापरतात.

कर्रकर्र आवाजाचं मूळ बऱ्याचदा पुढे असतं, म्हणून पुढच्या स्प्रॉकेटचं कव्हर एकदा काढाच. दोन-तीन बोल्ट, ८ चा किंवा १० चा पाना. आत तेल आणि माती मिळून काळा घट्ट थर बसलेला असतो, कधी कधी चेनला घासेल इतका. तो बांबूच्या कामटीनं खरवडा. स्क्रू-ड्रायव्हर नको, तिथे शाफ्टचं ऑइल सील असतं.

शेवटी ऑइल. नव्वद नंबरचं गिअर ऑइल घ्या, महाग नाही आणि कुठल्याही स्पेअरपार्टच्या दुकानात मिळतं. खालच्या चेनच्या आतल्या अंगावर, म्हणजे वर तोंड असलेल्या बाजूवर, दोन्ही पट्ट्यांच्या फटीत थेंब थेंब सोडत चाक फिरवा. चेन पळायला लागली की ते आपोआप बाहेरच्या बाजूला सरकतं. रात्री लावा, पंधरा मिनिटांनी वरचं जादा पुसून टाका, सकाळी गाडी काढा. पुसायचा कंटाळा केलात तर सगळं ऑइल रिमवर आणि साडीवर. स्प्रेही चांगला, कमी उडतो, पण ओ-रिंगला चालतो असं डब्यावर लिहिलेलाच घ्या.

किती दिवसांनी? बऱ्याच गाड्यांच्या पुस्तकात साधारण ५०० किलोमीटरला ऑइल द्या असं असतं. तो हिशेब कोरड्या डांबराचा. तुमच्या रस्त्याला पावसाळ्यात चिखलातून आल्यावर मगभर पाणी, पुसणं आणि थोडं ऑइल, एवढं पुरे. दहा मिनिटांचं काम आहे. डिझेलची पूर्ण सफाई फक्त थर जमल्यावर.

काळीमाती_परभणी

मेस्त्रींशी सहमत. आमच्याकडे दुसरा त्रास. काळी माती चेनकव्हरच्या आत भरते आणि उन्हानं वाळून दगड होते. ती कोरडी असताना खरवडू नये, आधी भिजवावी. माझी गाडी पूर्ण बंद कव्हरची आहे, तिच्या कव्हरला रबरी बूच असतं. ते काढून चेन बघता येते, ऑइलही देता येतं, पण साफ करायला कव्हर खोलावंच लागतं. आणि पाणी मारल्यावर चेन कोरडी झाल्याशिवाय ऑइल देऊ नये, ते वरच्या वर राहतं.

आडवाट_दोडामार्ग

मेस्त्रीदादा, मनापासून आभार. रविवारी सगळं केलं. पुढचं कव्हर काढलं तर आत मूठभर काळा चिखल निघाला, आवाज निम्म्यानं कमी झाला. पण दोन गोष्टी. चेन एका जागी ताठ आणि अर्धा फेरा फिरवला की ढिली लागते. आणि एवढं पुसूनही एक-दोन कड्यांतून लाल येतंय. माती राहिली असेल का?

मेस्त्री_कुडाळ

ताई, आपल्याकडे इथेच लोक फसतात, कारण माती लाल आणि गंजही लाल. ओळखायची रीत सांगतो. त्या कड्यांवर खडूनं खूण करा, पुसा, ऑइल द्या आणि डांबरावरून थोडं फिरून या. माती असेल तर सगळीकडून सारखी येईल आणि हळूहळू संपेल. त्याच कडीच्या पिनेभोवतीच पुन्हा लाल कडं उमटलं, तर तो गंज. त्या पिनेचं ग्रीस संपलंय. ती कडी हातानं वाकवून बघा. सहज वळून सरळ झाली तर ठीक, अडकून वाकडीच राहिली तर जाम.

ताठ आणि ढिली लागते म्हणजे चेन सगळीकडे सारखी झिजलेली नाही. सैलपणा खालच्या चेनच्या मध्यावर बोटानं वरखाली करून मोजतात. रोजच्या गाड्यांना साधारण २० ते ३० मिलिमीटर, पण तुमच्या गाडीचा आकडा पुस्तकात किंवा स्विंगआर्मवरच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या, स्टिकरवर बघा. मोजायचा तो सगळ्यांत ताठ जागी. ढिल्या जागी ताणून बसवली तर ताठ जागी बेअरिंगवर ओढ येते.

किट बदलायचं की नाही, हे टेपनं ठरवा. १५० सीसीच्या गाड्यांना बहुतेक ४२८ नंबरची चेन असते, पट्टीवर नंबर ठोकलेला असतो. एका पिनेपासून दुसरीपर्यंत १२.७ मिलिमीटर. चेन ताणून धरा आणि एका पिनेच्या मध्यापासून २१ व्या पिनेच्या मध्यापर्यंत मोजा. नवीन असताना २५४ मिलिमीटर भरतं. २५९ च्या आसपास गेलं की तिचं आयुष्य संपलं. अशी तीन-चार ठिकाणी मोजा. दुसरं, मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी पाठीमागे चेन बोटानं मागे ओढा. अर्ध्याहून जास्त दात उघडा पडला तरी तेच समजा.

तुमच्या वर्णनावरून मला वाटतं किटच लागेल. पूर्ण बदला, चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट. झिजलेल्या दातांवर नवी चेन काही महिन्यांत जुनी होते. चाक मागेपुढे सरकवलं की दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आल्यात का ते बघा, आणि मागे ड्रम ब्रेक असेल तर पेडलचा प्ले पुन्हा सेट करून घ्या, कारण चाक मागे गेलं की ब्रेक घट्ट होतो. चेनची दोन टोकं जोडणारी लॉकची कडी असेल तर तिच्या क्लिपचं बंद तोंड चेन पळते त्या दिशेला आणि उघडं तोंड मागे. उलटी बसली तर दगडाला लागून निसटते. गॅरेजमधून निघण्याआधी तेवढं वाकून स्वतः बघा.