कॅमेरा वायफायला जोडलेला दिसतो, पण सॉफ्टवेअर म्हणतं ‘कॅमेरा सापडला नाही’

धूपछाव पैठण

नमस्कार मंडळी. मी पैठणला पैठण्यांचे फोटो काढते. मागावरून साडी उतरली की विणकर किंवा दुकानदार माझ्याकडे पाठवतात. मी फोटो करून देते, ते पुढे गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर जातात. कॅमेऱ्याच्या कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की निम्मे लोक दुसऱ्या कंपनीचा घ्यायला सांगतात आणि प्रश्न तिथेच राहतो.

पदर खाली सपाट अंथरलेला असतो आणि कॅमेरा वर आडव्या दांड्याला, तोंड खाली करून. बटण दाबायला दर वेळी स्टुलावर चढावं लागतं, म्हणून वायफायवरून लॅपटॉपला जोडते आणि लॅपटॉपवरूनच क्लिक करते. केबलनेही करून पाहिलं होतं, पण ती लोंबते आणि तिची सावली बरोबर जरीवर पडते.

मोठ्या पडद्यावर बघणं ही माझी हौस नाही. धूपछाव रंगाच्या साडीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या. दिवा जरासा सरकला की अख्ख्या साडीचा रंग फिरतो. जर कधी पांढरी फटक येते, कधी पितळेसारखी. कॅमेऱ्याच्या मागच्या तीन इंची पडद्यावर मोर छानच दिसतो, घरी येऊन उघडला की त्याच्या मानेतला हिरवा गेलेला असतो. विणकर शेजारी बसून लॅपटॉपवर बघतो आणि ‘हा माझा रंग नाही’ असं तोंडावर सांगतो, तेव्हा काम बरोबर होतं.

आता अडचण. कंपनीचं सॉफ्टवेअर दिवाळीपर्यंत नीट चालत होतं. त्यानंतर भाच्याने लॅपटॉपवर दुसरं एक टेदरिंगचं (म्हणजे कॅमेरा लॅपटॉपला जोडून तिथूनच फोटो काढायचं) सॉफ्टवेअर टाकलं (ट्रायल आहे, त्यात रंग जास्त चांगले दिसतात म्हणे) आणि माझ्या मोबाइलमध्ये कॅमेऱ्याचं ॲप. तेव्हापासून सकाळी पहिल्यांदा लावलं की चालतं. मध्ये लाइट जाऊन आली की कॅमेऱ्यावर वायफायची खूण हिरवी, राउटरच्या यादीत कॅमेरा दिसतो, आणि कंपनीचं सॉफ्टवेअर मात्र ‘कॅमेरा सापडला नाही’ म्हणून बसतं. कधी मिनिटभर दिसतो आणि जातो. वैतागून केबल लावली तर केबलनेही दिसत नाही! विंडोज ११ आहे, कॅमेऱ्याला फक्त २.४ गिगाहर्ट्झ चालतं. लाइट फार वेळ गेली तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जाते, तिथे तर कधीच चालत नाही. काय बघू?

जालना फोटो

ताई, सिग्नलचा प्रॉब्लेम. २.४ वर शेजाऱ्यापाजाऱ्यांचे सगळे राउटर असतात. चॅनल १, ६ किंवा ११ यापैकी जो मोकळा असेल तो लावा. नाहीतर नवीन राउटर घ्या, कॅमेऱ्याच्या जवळ ठेवा.

धूपछाव पैठण

दादा, राउटर त्याच खोलीत आहे, कॅमेऱ्यापासून हाताच्या अंतरावर म्हणा ना. चॅनल बदलून बघते, पण सिग्नलचंच असतं तर सकाळी कसं चालतं? आणि केबलला सिग्नल कशाला लागतो?

लातूरचा नेटवर्कवाला

ताई, तुम्ही लिहिलेल्यातच उत्तर आहे. मी इथं लातुरात ऑफिसांची नेटवर्क बघतो, कॅमेऱ्यातलं फार कळत नाही, पण हे दुखणं ओळखीचं दिसायलंय.

कॅमेरा आणि कॉम्प्युटर वायफायवरून बोलतात ते पीटीपी-आयपी नावाच्या पद्धतीने. केबलवर जी पीटीपी (कॅमेऱ्यातून फोटो पाठवायची ठरलेली भाषा) चालते तीच, फक्त नेटवर्कवरून. पीटीपीच्या आयएसओ मानकाचा क्रमांक १५७४० आहे आणि गंमत म्हणजे वायफायवर ती ज्या पोर्टावर, म्हणजे नेटवर्कच्या ज्या क्रमांकाच्या दारावर, चालते त्याचाही क्रमांक १५७४० च. म्हणून लक्षात राहतो. यात मुद्दा असा की बहुतेक कॅमेरे एका वेळी एकाशीच बोलतात. कोणीतरी एकाने सेशन उघडलं की दुसऱ्याला दार बंद. लग्नघरात एकच न्हाणीघर असावं तसं. आत कोण आहे ते बाहेरून दिसत नाही, कडी लागलेली तेवढी कळते. तुमचं सॉफ्टवेअर ‘सापडला नाही’ म्हणतं, त्याचा अर्थ पुष्कळदा ‘सापडला, पण दुसऱ्याकडे आहे’ असा असतो. संदेश लिहिणाऱ्याने तेवढे कष्ट घेतलेले नसतात.

तुमच्याकडे आता तीन गिऱ्हाइकं आहेत. कंपनीचं सॉफ्टवेअर, भाच्याचं ट्रायल आणि मोबाइलमधलं ॲप. सकाळी तुम्ही स्वतः कंपनीचं उघडता, ते पहिलं पोचतं. लाइट गेली की राउटर बंद, लॅपटॉप बॅटरीवर चालूच. लाइट आली, कॅमेरा परत जोडला गेला, की तिघंही धावतात. ट्रायलवाल्याचा एखादा छोटा प्रोग्राम विंडोजबरोबर सुरू होऊन मागे टपून बसलेला असणार, तो जिंकतो.

अंदाज नको, बघूनच घ्या. लाइट जाऊन आल्यावर लॅपटॉपवर रिसोर्स मॉनिटर उघडा, नेटवर्कच्या टॅबखाली टीसीपी कनेक्शन्स. रिमोट पोर्टच्या रकान्यात १५७४० शोधा. त्या ओळीत सुरुवातीला प्रोग्रामचं नाव असतं. ओळच नसेल तर लॅपटॉपवर कोणी धरलेलं नाही, मग मोबाइल बघा. मोबाइलचं वायफाय बंद करून पाहिलं तरी कळेल.

त्याआधी एक पिंग, म्हणजे ‘आहेस का’ अशी हाक मारून बघायची. कॅमेऱ्याच्या मेनूत त्याचा आयपी पत्ता मिळेल, लॅपटॉपवरून पिंग करा. उत्तर आलं तर राउटर-चॅनलचा विषय संपला. जालन्याच्या भाऊंनी राग मानू नये.

हॉटस्पॉटचं प्रकरण मला वेगळं वाटतं. विंडोज नवीन वायफायला ‘पब्लिक’ धरतं आणि फायरवॉल कडक करतं, मग कॅमेऱ्याची हाक आतच येत नाही. त्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘प्रायव्हेट’ करा. कॉफी शॉपच्या वायफायला हे करू नका, स्वतःच्या हॉटस्पॉटला चालतं. काही मोबाइल हॉटस्पॉटवरच्या दोन उपकरणांना एकमेकांशी बोलूच देत नाहीत. तसा निघाला तर त्याचा नाद सोडा.

स्टुडिओमामा परभणी

केबलचं मी सांगतो. बऱ्याच मॉडेलमध्ये मेनूत वायफाय ‘चालू’ असेल तर यूएसबीने कॉम्प्युटरला जोडताच येत नाही. मॅन्युअलमध्ये कुठेतरी बारीक अक्षरात असतं. वायफाय पूर्ण बंद करा, कॅमेरा बंद-चालू करा, मग केबल लावा. केबल खराब समजून नवीन आणणारे माझ्या दुकानात नेहमी येतात, मी आधी मेनू उघडायला लावतो.

आणि ताई, पेअरिंग. कॅमेरा कॉम्प्युटरला ओळखतो तो एका ओळख-क्रमांकाने, जो जोडणीच्या वेळी साठवला जातो. एकाच लॅपटॉपवरची दोन सॉफ्टवेअर कॅमेऱ्याला दोन वेगळी माणसं वाटू शकतात. फॉरमॅट केलं की तोच लॅपटॉप परका. म्हणून कॅमेऱ्यातल्या जुन्या जोडण्या सगळ्या पुसा, लॅपटॉपवरच्याही पुसा आणि एकदाच नव्याने करा. एका बाजूची ठेवून दुसरी पुसली तर गोंधळ वाढतो. राउटर आणि हॉटस्पॉट यांच्या जोडण्या कॅमेऱ्यात वेगवेगळ्या साठवाव्या लागतात, एकच पुरत नाही.

धूपछाव पैठण

लातूरचे दादा, बघितलं. आज दुपारी लाइट गेलीच (ती काही आपल्याला निराश करत नाही), आल्यावर रिसोर्स मॉनिटर उघडला. १५७४० समोर ट्रायल सॉफ्टवेअरच्या मदतनीस प्रोग्रामचं नाव! ते सॉफ्टवेअर मी उघडलेलंसुद्धा नव्हतं. टास्क मॅनेजरमधून तो बंद केला आणि तासभर धडपडणारं कंपनीचं सॉफ्टवेअर लगेच जागं झालं. कॅमेरा दिसला, फोटो आला.

मग स्टार्टअपच्या यादीतून त्याला काढून टाकला. मोबाइलच्या ॲपला कॅमेरा विसरायला लावलं. मामांनी सांगितल्याप्रमाणे सगळ्या जोडण्या पुसून राउटरसाठी एक, हॉटस्पॉटसाठी एक अशा नव्याने केल्या. हॉटस्पॉट प्रायव्हेट केल्यावर तिथेही चालला, माझा मोबाइल बोलू देणाऱ्यांतला निघाला. केबलचं तर अगदी तसंच होतं.

आता भाचा विचारतो, त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये रंग बघायचे असतील तर काय? रंगाबाबत त्याचं म्हणणं खोटं नाही. त्यात जांभळा खरंच जांभळा दिसतो.

लातूरचा नेटवर्कवाला

दोघांना कॅमेऱ्याला हात लावू देऊ नका. एकाने आणायचं, दुसऱ्याने फक्त फोल्डर बघायचा. कंपनीचं सॉफ्टवेअर फोटो ज्या फोल्डरमध्ये टाकतं त्याच फोल्डरवर दुसऱ्याला नजर ठेवायला सांगा. भाच्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय आहे का ते त्यालाच शोधू द्या.

आणि राउटरमध्ये कॅमेऱ्याचा पत्ता राखून ठेवा, म्हणजे लाइट जाऊन आली तरी तोच पत्ता मिळेल. राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो लावला तर पळापळच होणार नाही. मी लातुरात तेच विकायलोय आता, पण तुम्ही पैठणलाच घ्या.

स्टुडिओमामा परभणी

लाइटरूम क्लासिकमध्ये याला ऑटो इम्पोर्ट म्हणतात. चालू करताना तो फोल्डर रिकामा असावा लागतो, नाहीतर तक्रार करतं. त्यातून फोटो उचलून ते दुसरीकडे ठेवतं, म्हणून विणकराला दाखवायचे फोटो कुठे गेले असं वाटून घाबरू नका.

धूपछाव पैठण

पत्ता राखून ठेवला. भाचा फोल्डरच्या मागे लागलाय. एकच राहिलं. फोटो यायला वेळ लागतो, विणकर तोवर तंबाखू मळून खाऊन मोकळा होतो. रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) पाठवते, फाइल तीसेक एमबीची.

लातूरचा नेटवर्कवाला

तीस एमबी म्हणजे दोनशे चाळीस मेगाबिट. २.४ वर प्रत्यक्षात वीस-तीस मेगाबिट मिळत असतील तर आठ ते बारा सेकंद हिशेबानेच लागतात, त्यात कोणाचा दोष नाही. रॉ कार्डावर ठेवून फक्त जेपेग पाठवायचा पर्याय तुमच्या मेनूत आहे का बघा.

धूपछाव पैठण

आहे, सापडला. लहान जेपेग ठेवलाय, क्लिक केलं की जवळजवळ लगेच येतो. रंग ठरवायला तेवढा पुरतो, रॉ रात्री कार्डावरून घेते. जालन्याचे दादा, चॅनलही ११ वरून १ वर नेला, आमच्या गल्लीत सगळे ११ वरच होते.