सदस्यांच्या स्पॅम तक्रारी: कोणाची ते कसं शोधायचं, आणि किती झाल्या की काळजी करायची?

पाक्षिक_पत्र:
दर अंक साधारण ९,००० पत्त्यांवर जातो, आमच्याच सर्व्हरवरून. नावं सगळ्यांनी स्वतःहून नोंदवली आहेत, तरी प्रत्येक अंकानंतर दहा-बारा स्पॅम तक्रारी येतात (वाचकाने 'स्पॅम' दाबलं की त्याची मेल कंपनी आम्हाला कळवते). त्यात तक्रारदाराचा पत्ता खोडलेला असतो, मग काढायचं कोणाला? जीमेलकडून एकही तक्रार येत नाही, हे चांगलं लक्षण समजायचं का? आणि तक्रार करणाऱ्याला लिहून कारण विचारावं का?

लॉगवाचक:
जीमेलचं आधी. जीमेल एकेकाची तक्रार कोणालाच कळवत नाही. गूगलच्या पोस्टमास्टर टूल्स या साइटवर तुमचं डोमेन (पत्त्यातला @ नंतरचा भाग) पडताळून घ्या, तिथे रोजचा तक्रारींचा दर टक्क्यांत दिसतो. तो ०.१ टक्क्याच्या खाली ठेवायचा आणि ०.३ पर्यंत कधीच जाऊ द्यायचा नाही. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांवर फेब्रुवारी २०२४ पासून नियम कडक झाले, पण छोट्या यादीनेही हेच आकडे डोळ्यांपुढे ठेवावेत.

एक गोम आहे. हा दर इनबॉक्समध्ये पोचलेल्या मेलवर काढतात. तुमचं पत्र आधीच स्पॅम फोल्डरमध्ये पडत असेल, तर तिथे 'स्पॅम' दाबणार कोण? दर छान दिसतो आणि वाचक मात्र घटत राहतात.

दुसरं म्हणजे बारा भागिले ९,००० असा हिशोब करू नका. तक्रारी ज्या कंपनीकडून आल्या, तिच्याच पत्त्यांनी भागा. बाराही याहूच्या असतील आणि यादीत याहूचे पत्ते १,५०० असतील, तर दर ०.१३ नाही, ०.८ टक्के झाला. तो फार आहे.

खूणचिठ्ठी:
पत्ता शोधण्याबद्दल. तक्रारीचा अहवाल ठरलेल्या साच्यात येतो (त्याचं नाव एआरएफ; आरएफसी ५९६५ या इंटरनेट मानकात तो दिला आहे). त्याचे तीन भाग असतात: माणसाला वाचण्याजोगा मजकूर, यंत्राने वाचायच्या ओळी आणि तुमचं मूळ पत्र किंवा निदान त्याचे हेडर (पत्रासोबत जाणाऱ्या 'कोणाकडून, कोणाला' वगैरे माहितीच्या ओळी). पत्ता खोडतात तो 'टू'मधला, आणि बऱ्याचदा पत्रात जिथे जिथे दिसेल तिथला. म्हणून सदस्याचा पत्ता दुसरीकडे लपवून उपयोग नाही, अर्थहीन खूण घाला. प्रत्येक सदस्याला प्रत्येक अंकासाठी वेगळी, अंदाज बांधता येणार नाही अशी अक्षरमाला द्या, आणि ती रिटर्न-पाथ (न पोचलेलं पत्र परत येण्याचा पत्ता), मेसेज-आयडी (पत्राची ओळखखूण) आणि नाव काढण्याची लिंक अशा तिन्ही ठिकाणी ठेवा. एखादी जागा पुसली गेली तरी दुसरी हाती लागते. अर्थात यासाठी प्रत्येकाला स्वतंत्र मेल जायला हवा. शंभर जण बीसीसीत टाकले की खूण संपली.

या तक्रारी मिळाव्यात म्हणून मेल कंपन्यांकडे पाठवणाऱ्याने नोंदणी करायची असते, तिच्यातला फरक लक्षात ठेवा. याहूकडची नोंदणी डीकेआयएमच्या (पत्रावर डोमेनच्या नावाने होणाऱ्या डिजिटल सहीच्या) डोमेनवर असते, मायक्रोसॉफ्टची सर्व्हरच्या आयपी पत्त्यावर (इंटरनेटवरच्या त्याच्या क्रमांकावर). सर्व्हर हलवून आयपी बदलला की मायक्रोसॉफ्टच्या तक्रारी गुपचूप बंद होतात आणि सगळ्यांना वाटतं सुधारणा झाली.

माणूस सापडला की त्याची नोंद पुसू नका. पत्ता 'पाठवू नये' यादीत टाका. पुसलात तर कोणीतरी जुनी एक्सेल फाईल पुन्हा चढवतं आणि त्याच माणसाला पुन्हा पत्र जातं.

पाक्षिक_पत्र:
बटण चुकून दाबलं असेल तर? 'नाव काढू का' एवढं तरी विचारायला हरकत नसावी.

खूणचिठ्ठी:
विचारू नका. त्याने नुकतंच सांगितलंय की तुमचं पत्र नको, आणि त्यावर तुम्ही आणखी एक पाठवणार! बहुधा दुसरी तक्रार येईल. चुकून दाबलं असेल तर तो स्वतःच पत्र का येत नाही म्हणून विचारेल, तेव्हा पुन्हा नोंदणी करून घ्या.

हेडर_तपासनीस:
नाव काढणं 'स्पॅम' दाबण्याहून अवघड असेल, तर लोक स्पॅमच दाबणार. पत्राच्या तळाशी बारीक अक्षरातली लिंक पुरत नाही. हेडरमध्ये लिस्ट-अनसबस्क्राइब या ओळीत एचटीटीपीएस लिंक द्या आणि त्यासोबत लिस्ट-अनसबस्क्राइब-पोस्ट ही ओळ द्या (आरएफसी ८०५८). मग मेलबॉक्स स्वतःचं 'नाव काढा' बटण दाखवू शकतो. इथे हमखास चुकतं ते असं:

- दोन्ही ओळी डीकेआयएमच्या सहीत घेतलेल्या नसतात. सही बरोबर असूनही बटण दिसत नाही.
- लिंक दुसऱ्या पानावर वळवते किंवा लॉगिन मागते. ते बटण दाबल्यावर मेलबॉक्सकडून लिंकवर 'पोस्ट' विनंती येते; ती आली की तिथल्या तिथे नाव निघालं पाहिजे.
- नुसती लिंक उघडली ('गेट' विनंती) तरी नाव निघतं. कंपन्यांचे व्हायरस तपासणारे प्रोग्राम प्रत्येक लिंक उघडून बघतात, त्यामुळे ज्यांनी काहीच केलं नाही त्यांचीही नावं जातात. गेटला फक्त 'काढायचं का?' असं पान दाखवा.

नाव दोन दिवसांच्या आत निघायला हवं. 'पुढच्या अंकापर्यंत होईल' हे पाक्षिकाला चालत नाही.

लॉगवाचक:
आता खुणेवरून प्रत्येक तक्रारदाराची नोंदणीची तारीख काढा. तक्रारी पहिल्या-दुसऱ्या अंकालाच येत असतील तर दोष नोंदणीच्या फॉर्ममध्ये आहे: कोणी दुसऱ्याचाच पत्ता टाकतंय किंवा टाईप करताना चूक होतेय. पुष्टीच्या मेलमधल्या लिंकवर क्लिक झाल्याशिवाय यादीत घेऊ नका आणि फॉर्मला कॅप्चा (भरणारा माणूसच आहे ना ते तपासणारं कोडं) लावा, नाहीतर बॉट (आपोआप फॉर्म भरणारे प्रोग्राम) भलत्यांचे पत्ते भरत राहतात. तक्रारी जुन्या सदस्यांच्या असतील तर प्रेषकाचं नाव बदललं होतं का, मध्ये मोठा खंड पडला होता का, ते पाहा. लोक विसरतात.

हेडर_तपासनीस:
सहमत, फक्त जुने निष्क्रिय सदस्य गाळताना 'उघडलं' या आकड्यावर विसंबू नका. पत्रातलं चित्र उतरलं की पत्र उघडलं असं मोजतात. २०२१ पासून ॲपल मेलच्या गोपनीयतेच्या सोयीमुळे चित्रं आधीच उतरवली जातात, त्यामुळे न वाचलेलं पत्रही उघडलेलं दिसतं. क्लिक आणि उत्तरं मोजा.

आणि डोमेनवर 'ॲब्यूज' आणि 'पोस्टमास्टर' हे दोन पत्ते चालू आहेत ना, ते बघा. तिथे माणसांनी हाताने लिहिलेल्या तक्रारी येतात. त्या पेटीला स्पॅम फिल्टर लावू नका. तक्रारीसोबत तुमचंच पत्र जोडलेलं असतं, आणि फिल्टर तेच अडवतो.