१७ नंबरच्या पार्किंगमधलं तेल

(सोसायटीचा मेन ग्रुप, शुक्रवार संध्याकाळ)

सेक्रेटरी, बी-१०१: नमस्कार. पार्किंग नं. १७ मध्ये तेल सांडले आहे, फोटो जोडला आहे. पेव्हर ब्लॉक मागच्याच महिन्यात धुऊन घेतले होते. आज पेपरवाला घसरता घसरता वाचला. संबंधितांनी लक्ष द्यावे.

अमोल, सी-५०३: सॉरी काका, १७ माझंच. मला वाटलं एसीचं पाणी आहे.

कुलकर्णी काका, बी-३०४: एसीचं पाणी काळं नसतं रे बाळा.

अमोल: गेल्या रविवारीच सर्व्हिसिंग केलंय. शोरूमला नाही, धायरीत मित्राच्या ओळखीचा गॅरेजवाला आहे, त्याच्याकडे. गाडी अजून वॉरंटीत आहे. आता ही गळती शोरूमला दाखवली तर "बाहेर हात लागलाय" म्हणून हाकलतील का?

मानसी, ए-२०२: अरे, मी हेच विचारायला ग्रुप उघडला! माझी उद्या ११ ची अपॉइंटमेंट आहे, २० हजार किलोमीटरची सर्व्हिस. शोरूमचं एस्टिमेट आलंय ११,६४०. आमच्या ऑफिसजवळचा गॅरेजवाला म्हणतो ३,९०० मध्ये करून देतो. वॉरंटी अजून वर्षभर आहे. काय करू?

जोशी काकू, ए-४०१: 😳 अकरा हजार? गाडी विकत घेतेयस का परत?

सेक्रेटरी: हा विषय कृपया "गप्पा" ग्रुपवर घ्यावा.

कुलकर्णी काका: अहो, तेल सोसायटीच्या फरशीवर पडलंय म्हणजे विषय सोसायटीचाच.

अमोल: शिंदे मामा, आहात का? तुम्ही बघाल का एकदा?

शिंदे मामा, डी-००२: 🎤 व्हॉइस मेसेज (१:४०)

मानसी: मीटिंगमध्ये असलेल्यांसाठी मामांचं टाइप करून टाकते: "अमोल, गाडी हलवू नको. आधी खालनं फडक्यानं सगळं कोरडं पूस. मग इंजिनखाली जुना पेपर अंथर, कोपऱ्यांवर दगड ठेव. सकाळी थेंब कुठं पडलाय बघू. ड्रेन प्लगच्या, म्हणजे तेल सोडायच्या बुचाच्या, खाली असेल तर वॉशर. मागं गिअरबॉक्सच्या जोडाशी असेल तर ऑइल सील. वॉशर म्हणजे गॅरेजवाल्याचं पाप, सील म्हणजे कंपनीचं. कुणाचं ते कळल्याबिगर भांडायला जाऊ नको. आणि डिपस्टिक, तेल मोजायची पट्टी, काढून बघ. तेल खालच्या खुणेच्या वर असेल तर ठीक, नसेल तर चावी लावायची नाही."

अमोल: दोन्ही खुणांच्या मध्ये आहे मामा.

शिंदे मामा: मग जेव नि झोप

(नवीन आलेल्यांसाठी: मामा एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेतून रिटायर झालेत. सोसायटीतल्या निम्म्या गाड्यांचं बॉनेट त्यांच्यासमोर एकदा तरी उघडलंय.)

कुलकर्णी काका: मानसी, तुला माझी गोष्ट सांगतो, मग ठरव. २०१९ साल. आधीची गाडी, तीन वर्षांची, एक्स्टेंडेड वॉरंटी पैसे भरून घेतलेली. ऐन मे महिन्यात एसीचा कॉम्प्रेसर गेला. एस्टिमेट २८ हजार. सर्व्हिस मॅनेजरने गाडीचा नंबर टाकला, सगळी कुंडली स्क्रीनवर. म्हणाला, २० हजारांची सर्व्हिस दिसत नाही, कुठे केलीत? म्हटलं, बाहेर. म्हणाला, मग क्लेम बसत नाही. अहो, बाहेर बदललं इंजिनचं ऑइल आणि गेला एसीचा कॉम्प्रेसर, संबंध काय? तर म्हणे, "सर, सिस्टिम घेत नाही." ही सिस्टिम नावाची बाई मला आजवर भेटलेली नाही.

जोशी काकू: 😂😂 मग?

कुलकर्णी काका: कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल केली, नकार लेखी द्या म्हणून. लेखी काही आलं नाही, चौथ्या दिवशी फोन आला. "गुडविल" म्हणून निम्मे सोडले. १४ हजार गेलेच. वर पंधरा दिवस मे महिन्यात काचा खाली करून फिरलो.

ॲड. सुनीता वहिनी, बी-४०३: काका, नकार लेखी मागितलात हे फार बरं केलंत. पुष्कळदा नकार तोंडीच असतो आणि कागदावर द्यायची वेळ आली की सूर बदलतो. कायद्याचं सांगते. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ ला १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींचा दंड लावला होता. सुटे भाग बाहेर मिळू द्यायचे नाहीत, त्यामुळे गाडीवाला शोरूमलाच बांधलेला, असा तो विषय होता. त्याच आदेशात आहे की बाहेरच्या मेकॅनिककडे गेलात म्हणून सरसकट वॉरंटी रद्द, अशी अट घालायची नाही. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल.

कुलकर्णी काका: हे मला २०१९ ला का नाही सांगितलंत!

सुनीता वहिनी: तेव्हा आम्ही नाशिकला होतो 🙂 आणि सांगितलं असतं तरी मॅनेजरने काही लगेच कॉम्प्रेसर काढून दिला नसता. कंपन्या त्या आदेशाविरुद्ध अपिलात गेल्या. वॉरंटीच्या पुस्तकात अजूनही "अधिकृत सर्व्हिस सेंटर" हेच शब्द सापडतात. आपली बाजू चांगली आहे, पण ती मांडायला १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार, नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोग. तेवढे दिवस गाडी कोण चालवणार?

निखिल, सी-२०१: माझा भाऊ न्यू जर्सीत असतो. तो स्वतः गॅरेजमध्ये ऑइल बदलतो आणि पावत्या फाइलला लावतो. तिकडे १९७५ पासून कायदाच आहे, मॅग्नसन-मॉस. आमचाच पार्ट, आमचीच सर्व्हिस, नाहीतर वॉरंटी नाही, असं कंपनीला म्हणता येत नाही.

जोशी काकू: निखिल, ते न्यू जर्सी. आपण नऱ्ह्यात राहतो.

सुनीता वहिनी: पण पावत्या फाइलला लावतो, हे वाक्य परत वाच निखिल. सगळी मेख तिथेच आहे. अमोल, तुझ्याकडे बिल आहे का?

अमोल: जीपेचा स्क्रीनशॉट आहे. ३,२०० रु. नोटमध्ये "गाडी" लिहिलंय.

सुनीता वहिनी: 🤦‍♀️ मग २०१४ चा आदेश फ्रेम करून भिंतीवर लाव. बिलावर गाडीचा नंबर, तारीख, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड नि किती लिटर, फिल्टरचा पार्ट नंबर, गॅरेजचा शिक्का. एवढं असेल तर मी तुझ्यासाठी भांडेन. "गाडी" वर मी काय भांडू?

शिंदे मामा: ऑइल कुठलं टाकलं

अमोल: विचारलं नाही मामा. डबा निळा होता.

शिंदे मामा: पुस्तकात काय लिवलंय

अमोल: ०डब्ल्यू-२०.

शिंदे मामा: 🎤 व्हॉइस मेसेज (०:३५)

मानसी: मामा म्हणतात, "बरेच गॅरेजवाले सगळ्यांना एकच जाडं २०डब्ल्यू-४० ऑइल टाकतात. जुन्या गाडीला चालतंय. नव्या इंजिनला पाण्यासारखं पातळ ऑइल लागतं, सकाळी थंडीत स्टार्ट मारला की लगेच वर चढायला. जाडं टाकलं म्हणून उद्या इंजिन बसणार नाही, पण उद्या इंजिनचा क्लेम आला तर कंपनीला आयतं कोलीत. त्याला फोन करून डब्यावरचा फोटो मागव."

रोहित, डी-३०१: मी जरा बोलू का? कोणी ओरडू नका. मी आता इन्शुरन्समध्ये आहे, पण त्याआधी दोन वर्षं एका शोरूमला सर्व्हिस ॲडव्हायझर होतो.

जोशी काकू: अगं बाई. शत्रुपक्ष.

रोहित: 🙏 मानसी, एस्टिमेट ओळीओळीने टाक. नुसत्या टोटलवर बोलून उपयोग नाही.

मानसी: घे.
ऑइल, ऑइल फिल्टर, ड्रेन वॉशर २,१५०
पेड सर्व्हिस लेबर २,४५०
व्हील अलाइनमेंट, बॅलन्सिंग १,१५०
इंजिन फ्लश नि ॲडिटिव्ह १,०९०
थ्रॉटल बॉडी क्लीनिंग १,२५०
एसी डिसइन्फेक्टंट ९५०
अंडरबॉडी कोटिंग २,६००

रोहित: पहिल्या दोन ओळी म्हणजे सर्व्हिस. ४,६००. बाकी सगळं "व्हॅल्यू ॲडेड", ज्याचं मला दर महिन्याला टार्गेट असायचं. महिनाअखेरीला तुमची गाडी आली की तिचं थ्रॉटल खराब निघणारच. मॅन्युअलच्या मागे मेंटेनन्सचा तक्ता असतो. किमी आणि महिने, आर म्हणजे बदला, आय म्हणजे तपासा. त्यात जे आहे तेवढं करा. फ्लश बहुतेक मॅन्युअलमध्ये सापडणार नाही. थ्रॉटल, म्हणजे इंजिनला हवा सोडणारी झडप, सिग्नलला गाडी थरथरत असेल तरच साफ करायची. एसीला वास येतोय का?

मानसी: नाही.

रोहित: मग तेही काढ. अंडरबॉडी... माहेर कोकणात आहे का?

मानसी: देवगड. पण गाडी वर्षातून दोनदा जाते.

रोहित: मग परत आलीस की खालून साध्या पाण्याने नीट धुऊन घे, खारं निघून जातं. अलाइनमेंट टायरवाल्याकडे कर, ५०० च्या आत होतं, वॉरंटीशी काही संबंध नाही.

कुलकर्णी काका: म्हणजे शोरूम ४,६००, गॅरेज ३,९००. सातशे रुपयांसाठी आपण दीड तास भांडतोय?

रोहित: हो काका. या सातशे रुपयांत स्क्रीनवरची कुंडली कोरी राहत नाही. वॉरंटी असेपर्यंत मी ते देईन, आणि हे मी शोरूम सोडल्यावर बोलतोय. अट एकच: जॉब कार्डवर, म्हणजे शोरूमच्या कामांच्या यादीवर, सही करायच्या आधी नको त्या ओळी स्वतःच्या पेनने खोडायच्या आणि "फोन केल्याशिवाय जादा काम नको" असं लिहायचं. ॲडव्हायझर हसतो, पण लिहून घेतो.

निखिल: पण पहिल्या तीन सर्व्हिस फ्रीच असतात ना?

रोहित: फ्री लेबर. ऑइल-फिल्टरचे पैसे लागतातच. त्या तरी बाहेर करू नका, लेबर फुकट असताना बाहेर कशाला जायचं? आणि वॉरंटीचा काळही आता लांबलाय. मारुतीने जुलै २०२४ मध्ये २ वर्षं/४० हजार किमीची ३ वर्षं/१ लाख केली. जुन्या गाडीच्या हिशोबाने "आता संपली असेल" म्हणून सोडून देऊ नका, आपलं पुस्तक बघा.

जोशी काकू: माझं ऐका. शोरूम म्हणजे देवाघरचं काम असं समजू नका. मागच्या वर्षी गाडी देण्याआधी मी केबिन फिल्टरला नेलपेंटचा ठिपका लावला होता. बिलात नवीन फिल्टर ४८०. घरी येऊन ग्लोव्ह बॉक्स उतरवला तर माझा मरून ठिपका तिथेच, वाळलेला.

मानसी: काकू!!! 🙌 मग?

जोशी काकू: फिल्टर पिशवीत घालून परत गेले, काउंटरवर ठेवला. दहा मिनिटांत पैसे परत, वर पोराने कॅडबरी दिली. तेव्हापासून जुने पार्ट खोक्यात घालून परत मागते. ऑइल मात्र तिथे ड्रममधून गनने भरतात, ते काही खोक्यात मागता येत नाही.

रोहित: काकू, तुमच्यासारख्या तीन गिऱ्हाइकांमुळे मी ती नोकरी सोडली 😄

कुलकर्णी काका: पण मग गॅरेजवाल्यांनी जायचं कुठे? त्यांच्याकडे काहीच न्यायचं नाही?

रोहित: असं कुठे म्हटलं? टायर, पंक्चर, बॅटरी, वायपर, ब्रेक पॅड, ओरखडे, सगळं बिनधास्त बाहेर. पॅड, क्लच झिजले तर ते वॉरंटीत नसतातच. टायर-बॅटरीची वॉरंटी त्या त्या कंपनीची, पावती तेवढी सांभाळा. वायरिंगला मात्र बाहेर हात लावू देऊ नका. हॉर्न, फॉग लॅम्प, म्युझिक सिस्टिमसाठी एक वायर कापली की इलेक्ट्रिकलचा प्रत्येक क्लेम तिथेच अडकवतात. आणि वॉरंटी संपली की मी स्वतः नाना पेठेतून जेन्युइन फिल्टर आणून गॅरेजला देतो.

निखिल: आणि ईव्हीवाले?

रोहित: तुझी नेक्सॉन ना? बॅटरीला निदान ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमी वॉरंटी आहे, काही मॉडेलना त्याहून जास्त, पुस्तक बघ. हाय व्होल्टेजच्या नारिंगी केबलला बाहेरच्या कुणाला बोटही लावू देऊ नको, वॉरंटीपेक्षा जिवासाठी.

सुनीता वहिनी: एक राहिलं. बिलावरचा जीएसटी बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून पार्टवर २८ नाही, १८ टक्के आहे.

सेक्रेटरी: साडेदहा वाजले आहेत. उद्या सकाळी ७ ते ९ पाणी येणार नाही, टँकर सांगितला आहे. हे या ग्रुपवर सांगायचे असते.

(शनिवार सकाळ)

अमोल: [फोटो] मामा, पेपरवर एकच डाग. रुपयाएवढा. बरोबर ड्रेन प्लगच्या खाली. मागे सगळं कोरडं.

शिंदे मामा: वॉशर. जुनाच लावलाय

अमोल: गॅरेजवाल्याला फोन केला. ८ वाजता स्वतः आला, नवीन वॉशर नि अर्धा लिटर ऑइल घेऊन. इथेच खाली झोपून बदलला, मामा टॉर्च धरून उभे होते. पैसे घेतले नाहीत. डब्याचा फोटो पण दाखवला, ०डब्ल्यू-२० च आहे. आता बिल लिहितोय, मामांनी किलोमीटर स्वतः बघून सांगितले.

कुलकर्णी काका: शोरूमचा माणूस शनिवारी सकाळी ८ ला पार्किंगमध्ये झोपला असता का? मी आपलं विचारतोय.

रोहित: काका, ११ च्या आधी शटर उघडत नाही आमचं. म्हणजे त्यांचं.

मानसी: मी शोरूमला निघाले. लाल पेन घेतलंय. जाताना नेलपेंट लावावं लागेल बहुतेक.

जोशी काकू: मरून नको लावूस. आता ते ओळखतात.

सेक्रेटरी: अमोल, वॉशर बदलला हे ठीक. १७ नंबरमधला डाग कोण काढणार?

शिंदे मामा: भुसा टाका. माझ्याकडं पोतं हाय, येऊन घेऊन जा