घरातले फोटो दाणेदार येतात, महाग कॅमेरा घेतला तर फरक पडेल का?

कवडसा:
एपीएस-सी (फुलफ्रेमपेक्षा लहान) सेन्सरचा २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे, सोबत आलेली १८-५५ मिमी एफ/३.५-५.६ किट लेन्स (एफचा आकडा लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं). उन्हात फोटो छान येतात. संध्याकाळी घरात दिव्याच्या उजेडात काढलेले मुलांचे फोटो मात्र दाणेदार, वर हललेले. एक्झिफमध्ये (फोटोसोबत साठणाऱ्या माहितीत) बहुतेक वेळा ५५ मिमी, एफ/५.६, शटर १/६० सेकंद, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता, वाढली की दाणे वाढतात) ६४०० दिसतं. फुलफ्रेम बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) घेतली तर पैसे सत्कारणी लागतील का?

तिपाई:
आकडे दिलेत ते बरं केलंत, दुखणं त्यातच दिसतंय. १/६० ला पळतं मूल हलणारच, बॉडी कुठलीही असो. निदान १/२५० हवं, म्हणजे आत्ताच्या चौपट उजेड, दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड).

फुलफ्रेम सेन्सर ३६×२४ मिमी, तुमचा साधारण २३.५×१५.६. क्षेत्रफळाच्या हिशेबाने फायदा सव्वा स्टॉपचा. तोसुद्धा फुलफ्रेमची लेन्स वेगळी घेतलीत तर. तुमची किट लेन्स लावली, तर बॉडी सेन्सरचा मधला भागच वापरते. २४ मेगापिक्सेलचे जेमतेम दहा उरतात आणि मोठ्या सेन्सरचा फायदाही जातो.

याउलट ५० मिमी एफ/१.८ प्राइम (झूम नसलेली लेन्स) एफ/५.६ पेक्षा जवळजवळ दहापट उजेड आत घेते, सव्वातीन स्टॉप. त्यातले दोन शटरला द्या. उरलेल्या सव्वा स्टॉपमध्ये आयएसओ २५०० च्या आसपास येतो. बॉडी हीच ठेवा.

भिंग:
लेन्स घ्याच, पण एफ/१.८ ला फोकस फार चुकतो. दोन मीटरवरून फोकसमध्ये राहणारा पट्टा ११-१२ सेंटिमीटरचा, एक मीटरवर तीनसुद्धा नाही. फोकसची जागा कॅमेऱ्यावर सोडलीत, तर तो पुढे केलेला हात पकडतो आणि डोळे मऊ पडतात. आय-डिटेक्ट (डोळा ओळखून फोकस) असेल तर चालू करा. नसेल तर एएफ-सी (सतत जुळत राहणारा फोकस) आणि सिंगल पॉइंट (फोकसचा एकच बिंदू), डोळ्यावर. दोन मुलं मागेपुढे असतील तर एफ/२.८ वर या.

ए मोड (छिद्र तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा), ऑटो आयएसओ, किमान शटर १/२५०. कमाल आयएसओ १२८०० ठेवा. भीतीपोटी ती १६०० वर अडवली, तर मर्यादा गाठल्यावर ए मोडमध्ये कॅमेरा न सांगता शटर हळू करतो आणि पुन्हा हललेले फोटो. दाणे रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमधून) बरेच कमी करता येतात, हललेल्या चेहऱ्याला इलाज नाही.

आणि दिवा! मूल उघड्या बल्बपासून दोन मीटरवर आहे, ते एका मीटरवर आलं की चौपट उजेड. तुम्हाला हवे असलेले दोन स्टॉप इथेच फुकट मिळतात. फ्लॅश असेल तर पांढऱ्या छताकडे वळवून मारा, थेट नको.

कवडसा:
किट लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन आहे, प्राइममध्ये नसेल तर अडेल का? आणि मग महाग बॉडी कुणासाठी?

तिपाई:
स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, मुलाचं पळणं नाही. १/२५० ला ५० मिमी हातात निभावते.

उडते पक्षी, मैदानी खेळ, एकदाच घडणारे समारंभ यांसाठी महाग बॉडीला तोड नाही. विषयाचा पाठलाग करणारा फोकस, सलग फोटो काढताना न भरणारा बफर (फोटो कार्डावर जाईपर्यंत ठेवणारी मेमरी), दोन कार्डांवर एकाच वेळी नोंद, हे स्वस्त बॉडीत सहसा मिळत नाही. मेगापिक्सेलसाठी मात्र घेऊ नका. ए४ प्रिंटला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) २४८०×३५०८ पिक्सेल लागतात, पावणेनऊ मेगापिक्सेलसुद्धा नाहीत.

भिंग:
घेण्याआधी एक करा. किट लेन्सची झूम रिंग ५० वर चिकटपट्टीने बांधा आणि एक संध्याकाळ तशीच वापरा. एपीएस-सीवर ५० मिमी म्हणजे फुलफ्रेमच्या ७५ मिमीएवढी चौकट. लहान खोलीत पाठ भिंतीला टेकते तरी दोन मुलं मावत नाहीत. तसं झालं तर ३५ मिमी एफ/१.८ घ्या, उजेडाचा हिशेब तोच राहतो.