परभणीहून संभाजीनगरला कीबोर्डसाठी जावं का?

दादा, जा. संभाजीनगरच्या कीबोर्डप्रेमींच्या मेळाव्याबद्दल 'आवाज तर व्हिडिओतही ऐकू येतो, मग एवढ्या लांब कशाला' असं तुम्ही विचारलंत. आवाज माइक आणि टेबलावर ठरतो, पण बोटाला काय जाणवतं ते व्हिडिओत येतच नाही. कळीखालचा स्विच दाबायला लागणारा जोर बघा: चेरी कंपनीच्या रेड स्विचला ४५ सेंटीन्यूटन, ब्राउनला ५५, ब्लूला ६०. कागदावर फरक किरकोळ वाटतो, पण पाच-दहा मिनिटं सलग टाइप केलं की करंगळीला बरोबर कळतं.

आणि तिथं गेल्यावर मराठी टाइप करा, हे माझं कळकळीचं सांगणं आहे. सगळे इंग्रजीत दोन ओळी मारतात आणि उठतात. इनस्क्रिप्टवर, म्हणजे देवनागरीच्या प्रमाणित कीबोर्ड मांडणीत, ख, भ, ळ तिन्ही शिफ्ट दाबून येतात, हलन्त डी वर. 'खळखळ', 'भोळा' असं लिहून बघा, डाव्या शिफ्टचं स्टॅबिलायझर (लांब कळ डगमगू नये म्हणून खाली बसवलेली तार) खडखडतं का ते लगेच ऐकू येईल. मराठी लिहिणाऱ्यानं स्पेसबारइतकंच शिफ्टकडेही बघावं.

गाडीचं म्हणाल तर मराठवाडा एक्सप्रेस किंवा तपोवन, दोन्ही परभणी-जालना करत जातात. कीबोर्ड टॉवेलात गुंडाळून सॅकमध्ये पाठीच्या बाजूला ठेवा. वायर आधी काढा, नाहीतर गर्दीत पोर्टवर दाब येतो. कीकॅप, म्हणजे कळीवरचं टोपण, काढायचा चिमटा सोबत असू द्या आणि कीबोर्डच्या खाली नावाची चिठ्ठी चिकटवा. एका टेबलावर एकसारखे काळे कीबोर्ड बरेच असतात.

दुसऱ्याच्या कीबोर्डला हात लावण्याआधी विचारा, आणि चिवडा खाल्ला असेल तर हात धुऊन या.